घरी न पोहोचणारी चिठ्ठी

जत्रेची पत्रिका घरी आली म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. देवस्थान समितीने महाजन, कुळावी आणि भाविक यांस उद्देशून मराठीत छापलेला तो कागद प्रथम देवापुढे ठेवला जातो आणि मग हातोहात घरभर फिरतो. अभिषेक किती वाजता, महानैवेद्य केव्हा, आरत्यांनंतर कीर्तन कोणाचे, पालखी केव्हा निघणार आणि रात्रीच्या नाटकाचा पडदा केव्हा वर जाणार, हे सारे दुसऱ्या दिवशी घरातील ऐंशी वर्षांच्या आजीस तोंडपाठ असते. त्या हिशेबाने ती सुनांस कामे वाटून देते. पत्रिकेतील एक ओळही वाया जात नाही.

आता त्याच घरात येणाऱ्या दुसऱ्या एका लिखाणाकडे पाहावे. नातू सहावीत आहे. त्याच्या इंग्रजीच्या बाई दर आठवड्यास पालकांसाठी निरोप धाडतात. पूर्वी हा निरोप वहीत चिकटविलेल्या चिठ्ठीने येई. आता बहुधा आईच्या मोबाइलवर व्हॉट्सॲपच्या गटात येतो. वर्गात कोणता धडा झाला, गृहपाठ काय दिला, चाचणी कोणत्या दिवशी, शब्दांचे पाठांतर कोठपर्यंत, हे सर्व त्यात असते. आणि हे सर्व इंग्रजीत असते. आई तो उघडते, अक्षरे पाहते आणि मुलास हाक मारते, "बाईन कितें बरयलां रे?" मुलगा खेळ सोडून येतो, एक नजर टाकतो आणि सांगतो, "कांय ना गे आई, टेस्ट फुडल्या आठवड्यांत." चाचणी वास्तविक परवावर आलेली असते.

एकाच घरात आलेले हे दोन कागद. एक साऱ्या घरास कळला, दुसरा फक्त त्यास कळला ज्याच्याविषयी तो लिहिला होता. ज्या पत्राचा अर्थ सांगण्याचे काम आरोपीवरच सोपविले आहे, त्या पत्रास पालकांस लिहिलेले पत्र कसे म्हणावे? आमचे म्हणणे थोडक्यात असे: शाळेने पालकांस जे लिहावयाचे ते पालकांच्या भाषेत लिहावे, आणि हा नियम सर्वांत आधी इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकांनी पाळावा, कारण त्यांच्याच विषयात घराची मदत सर्वांत अधिक लागते.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर करतो. आम्ही इंग्रजीचे वैरी नाही. आमच्या मुलांनी इंग्रजी उत्तम शिकावे, निर्भयपणे बोलावे, शुद्ध लिहावे, अशीच आमची इच्छा आहे. प्राथमिक शाळांच्या माध्यमाचा आणि अनुदानाचा वाद गोमंतकात १९९० साली पेटला, २०११ साली पुन्हा पेटला. त्या वादात आमचे मत काय, हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. आजचा प्रश्न त्याहून लहान आहे आणि म्हणूनच तो आजच सुटण्याजोगा आहे. त्यास कायदा नको, अनुदान नको, मोर्चा नको. शिक्षकाने निरोप लिहिताना पाटीवरची भाषा आणि पत्रातली भाषा यांतील भेद ओळखावा, एवढेच पुरे.

प्रश्न पाचवीनंतरच तीव्र होतो, यास कारण आहे. गोमंतकातील पुष्कळशी मुले चौथीपर्यंत मराठी अथवा कोकणी शाळेत शिकतात आणि पाचवीत बहुतेक सर्व विषय एकदम इंग्रजीतून घेऊ लागतात. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत भाषेचे घर बदलते. चौथीपर्यंत वहीत मास्तरांचा शेरा मराठीत असे: "पाढे कच्चे आहेत, लक्ष द्यावे." आई तो वाचीत असे, रागे भरत असे आणि संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर पाढे म्हणवून घेत असे. पाचवीपासून शेरा इंग्रजीत येऊ लागतो आणि तीच आई गप्प होते. मूल दहा वर्षांचे. त्यास आधाराची गरज पूर्वीपेक्षा अधिक. आणि नेमक्या त्याच वेळी घराचा हात शाळेच्या हातातून सुटतो. तो कोणी सोडविला? कोणी नाही. केवळ एका सवयीने सोडविला.

या सवयीची फळे सहामाहीच्या पालकसभेत दिसतात. आई मागच्या बाकावर बसते. बाई इंग्रजीतून सांगतात की मुलगा गृहपाठ करीत नाही, निरोप वारंवार पाठवूनही घरून प्रतिसाद नाही, पालकांनी जागरूक असावयास हवे. आई मान हलविते. तिने काय कबूल केले हे तिला ठाऊक नसते. तिने काहीच का विचारले नाही हे बाईंस ठाऊक नसते. दोघींचे मुलावर प्रेम आहे, दोघी त्याच्यासाठी कष्ट करतात. पण "पालक उदासीन आहेत" असा शिक्का शाळा मारते आणि "बाई गर्विष्ठ आहेत" असा घर मारते. दोन्ही शिक्के खोटे आहेत.

आमच्या या म्हणण्यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप असा की शिक्षकांस वेळ नाही. एका वर्गात चाळीस-पन्नास मुले, वह्यांचे ढीग, वर सरकारी तक्ते. त्यात हे भाषांतराचे ओझे कोठून आणावे? शिक्षकांच्या कष्टांची आम्हांस जाणीव आहे. परंतु भाषांतर करा असे आम्ही म्हणतच नाही. मूळचाच निरोप घरच्या भाषेत लिहा असे म्हणतो. ज्या बाई वर्गाच्या दाराबाहेर पाऊल टाकताच सहकाऱ्यांशी कोकणीत बोलतात, भाजीवालीशी कोकणीत घासाघीस करतात, देवळात आरती मराठीत म्हणतात, त्यांस पाच ओळी मराठीत वा कोकणीत लिहिणे जड का जावे? लिहिणे जड वाटत असेल तर बोलावे. मोबाइलवर दोन मिनिटे बोलून ध्वनी पाठविता येतो, आणि ज्या आईस कोणतेच वाचन जमत नाही तिलाही तो कळतो.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे: आता यंत्र भाषांतर करते, पालकांनी कळ दाबावी. यंत्राची आम्ही निंदा करीत नाही. सोप्या निरोपास ते पुष्कळदा उपयोगी पडते. पण इंग्रजीच्या वर्गातील निरोप हा विचित्र प्रकार आहे, कारण त्यात भाषेविषयीच भाषा वापरलेली असते. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थाने यंत्राने केलेले भाषांतर आम्हांस दाखविले. वाक्याच्या आरंभी 'कॅपिटल लेटर' लिहावे, या सूचनेचे तेथे 'राजधानीचे पत्र' झाले होते, आणि क्रियापदाचा 'टेन्स' तपासावा याचे 'तणाव तपासावा' असे झाले होते. ते गृहस्थ भाबडेपणाने म्हणाले, "तणाव तर घरात सगळ्यांनाच आहे." आम्ही हसलो खरे, पण ज्या घरात हसून चूक दुरुस्त करणारा कोणी नाही, तेथे त्या निरोपाचे काय होत असेल?

तिसरा आक्षेप असा की वर्गात सर्वांची घरची भाषा एक नसते. कोणाचे घर मराठी वाचते, कोणाचे रोमी लिपीतील कोकणी, कोणी कर्नाटकातून आले, कोणी उत्तरेकडून. म्हणून सर्वांस समान अशी इंग्रजी बरी. हा आक्षेप आम्ही आदराने ऐकतो, कारण आपल्याच घरापुरता न्याय मागणे हा न्याय नव्हे. परंतु जी भाषा कोणत्याच घरात बोलली जात नाही ती सर्वांस समान आहे, या युक्तिवादाचा अर्थ काय? सर्वांस समान अंधार, एवढाच. कोकणीत बोललेला निरोप देवनागरी वाचणाऱ्यासही कळेल आणि रोमी वाचणाऱ्यासही कळेल. राहिलेल्या चार घरांसाठी हिंदीत वा कानडीत दोन ओळी लिहून देणारा एखादा पालक प्रत्येक वर्गात सापडतो. त्यास कधी कोणी विचारलेलेच नसते.

चौथा आक्षेप शाळेकडून येत नाही, आपल्याकडून येतो. आणि तोच सर्वांत अवघड आहे. शाळेचे पत्र इंग्रजीत आले की पालकांस धन्य वाटते. "आमच्या शाळेत सगळे इंग्लिशमध्ये चालते" असे सांगताना वडिलांचा चेहरा उजळतो. ते पत्र आपणांस कळत नाही, हे मात्र ते कोणास सांगत नाहीत. मराठीत लिहा असे बाईंस सांगितले तर आपण अडाणी ठरू, मुलाची मान खाली जाईल, अशी भीती मनात असते. आम्ही विचारतो, देवापुढे संकल्पाचा अर्थ कळला नाही तर आपण भटजींस विचारतोच ना? वैद्याने लिहून दिलेले औषध कसे घ्यावे हे विचारताना आपणांस लाज वाटत नाही. मग मुलाच्या विद्येविषयी विचारतानाच लाज कोठून आली? न समजलेल्या पत्रास मान डोलाविणे यात प्रतिष्ठा नाही. त्यात मुलाचे नुकसान मात्र आहे.

याच भीतीची दुसरी बाजू अशी की घरात मराठी वा कोकणी बोलल्याने मुलाचे इंग्रजी बिघडेल, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. युनेस्कोने १९५३ सालीच आपल्या अहवालात मातृभाषा हे बालशिक्षणाचे उत्तम माध्यम असल्याचे म्हटले होते. कॅनडातील भाषाशास्त्रज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ साली असे मांडले की पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेच्या कामी येते. दोन भाषा म्हणजे एकाच पाण्याच्या दोन वाटण्या नव्हेत. आणि आपणांस परदेशी प्रमाण कशाला हवे? महाराष्ट्रातील आणि बाहेरच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठीच्या ओसरीवरूनच त्या इंग्रजीच्या माजघरात शिरल्या, आणि त्यांचे इंग्रजी आजच्या पदवीधरांस लाजविण्याजोगे होते.

गोमंतकाच्या इतिहासात याविषयी एक उदाहरण आहे, ते इंग्रजी शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला. आल्याबरोबर, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, त्याने लंडनमधील आपल्या वडिलांस प्रवासाचा वृत्तान्त लिहून पाठविला, आणि तो वडिलांच्या भाषेत म्हणजे इंग्रजीत लिहिला. पुढे त्यास साष्टीतील लोकांशी बोलावयाचे होते, तेव्हा त्याने मराठी ओवीत ग्रंथ रचिला. १६१६ साली छापलेले ते क्रिस्तपुराण. कोकणीचे व्याकरणही त्याने लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापले गेले. त्याचा हेतू धर्मप्रचाराचा होता. तो आपला नव्हे, आणि आपणांस प्रिय असण्याचे कारणही नाही. परंतु रीत पाहावी. ज्यास लिहावयाचे त्याच्या भाषेत लिहावे, हे त्या इंग्रजास चारशे वर्षांपूर्वी कळले. त्याची भाषा शिकविणाऱ्या आपल्याच माणसांस ते आज का कळू नये?

याच्या उलट उदाहरणही येथलेच आहे. १६८४ साली पोर्तुगीज विजरईने फर्मान काढिले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. फर्मान जुने झाले, विजरई गेले, १९६१ साली पोर्तुगीज सत्ताही गेली. घरातली बोली राहिली. जे सत्तेच्या फर्मानाने साधले नाही ते आता फर्मानावाचून, केवळ संकोचाने साधू लागले आहे. हे आम्हांस अधिक दुःखद वाटते.

आता घर इंग्रजीच्या अभ्यासात काय मदत करू शकेल, ते पाहू. "आम्हांस येत नाही, आम्ही काय शिकविणार?" असे आई म्हणते. बाई, तुम्हांस पुष्कळ येते. मराठीत आपण 'झाडाखाली' म्हणतो. 'खाली' हा शब्द झाडानंतर येतो. इंग्रजीत तो झाडाच्या आधी येतो. मराठीत 'राम आंबा खातो', क्रियापद शेवटी. इंग्रजीत ते रामाच्या लगेच मागे उभे राहते आणि आंबा शेवटी जातो. इंग्रजीतील 'अ' आणि 'द' यांसारखे नामापूर्वी येणारे उपपद मराठीत नाही, म्हणून आपली मुले ते हटकून गाळतात. ज्या आजोबांनी विभक्ती पाठ केल्या आहेत, ते हा भेद नातवास एका संध्याकाळी समजावून देतील. मात्र या आठवड्यात वर्गात काय चालले आहे, हे त्यांस कळले पाहिजे. आणि ज्यांस व्याकरणाचा गंधही नाही त्या आजीसही एक काम करता येते: मुलास धडा मोठ्याने वाचावयास सांगून मग त्याची गोष्ट आपल्या भाषेत सांगावयास लावणे. मूल जेथे अडखळते तेथे त्यास धडा कळलेला नसतो. ही परीक्षा घेण्यास इंग्रजी लागत नाही, कान लागतात.

मग इंग्रजीच्या बाईंचा निरोप कसा असावा? आमच्या मते असा असावा: "पालकांस नमस्कार. या आठवड्यात आम्ही भूतकाळाची क्रियापदे शिकलो. काही क्रियापदांची रूपे नियमाने होतात, काहींची होत नाहीत; 'गो' याचे 'वेंट' होते. मुले 'गोएड' असे लिहितात. ही चूक स्वाभाविक आहे, रागावू नये. वीस शब्द वहीत दिले आहेत. रोज चार म्हणवून घ्यावेत. धडा रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचवून घ्यावा आणि गोष्ट घरच्या भाषेत सांगावयास लावावी. उच्चारांची काळजी करू नये, ते आम्ही वर्गात पाहू. चाचणी गुरुवारी आहे. काही विचारावयाचे असल्यास मराठीत वा कोकणीत विचारावे." खाली हवे तर हाच मजकूर इंग्रजीत द्यावा; मुले दोन्ही ताडून पाहतील आणि तोही एक धडाच होईल. असा निरोप कोणत्या आईस कळणार नाही? आणि तो वाचल्यावर कोणती आई उदासीन राहील? आज जो निरोप येतो त्यात बहुधा एवढेच असते की कार्यपुस्तिकेची अमुक ते अमुक पाने पूर्ण करावीत. ही पालकांस दिलेली माहिती नव्हे, ही हुकमाची नक्कल आहे.

हा प्रश्न एकट्या गोमंतकाचा नाही. आमचे जे वाचक बेळगावात आहेत त्यांच्या घरी मराठी असते आणि शाळेची सूचना इंग्रजीत वा कानडीत येते. इंदूर, ग्वाल्हेर येथे ती इंग्रजीत वा हिंदीत, बडोद्यास इंग्रजीत वा गुजरातीत. तेथील आपली माणसे प्रदेशाची भाषा पिढ्यान्‌पिढ्या आपली मानीत आली आहेत, म्हणून त्यांची अडचण थोडी कमी. पण सून नवी आलेली असेल, आजी केवळ मराठी वाचणारी असेल, तर अडचण तीच. त्यांनीही शाळेस विनंती करावी. राज्यघटनेत १९५६ साली घातलेले ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगते; २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्याचे तत्त्व आहे; २०२० चे राष्ट्रीय धोरण किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार करते. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीस राजभाषेचे स्थान दिले आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरासही वाव ठेविला. जेथे राज्यकारभारास या भाषा चालतात, तेथे सहावीच्या गृहपाठास त्या चालू नयेत काय?

शेवटी आपल्या देवस्थानांविषयी. पोर्तुगीज अमदानीत देवळांच्या अग्रशाळांत आणि ओसऱ्यांवर शणैमामांच्या शाळा भरत. १९०८ साली पणजीस निघालेल्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच मुठीमुठीने जमविलेल्या मदतीची आठवण आहे. त्या पूर्वजांनी पैसा नसताना, राजाश्रय नसताना घर आणि शाळा यांचा दुवा तुटू दिला नाही. आज आपल्या अग्रशाळा प्रशस्त आहेत, सभामंडपास संगमरवरी फरशी आहे, आणि सोमवारी पालखीनंतर तेथे निवृत्त शिक्षक गप्पा मारीत बसलेले असतात. त्यांतील दोघांनी आठवड्यातून एक तास बसावे. ज्या आईस शाळेचा निरोप कळला नाही तिने तो घेऊन यावे आणि समजून घ्यावा. मुलाचे गुण, मुलाचे नाव चारचौघांत वा फलकावर कदापि आणू नये. जे खासगी ते खासगीच राहावे. पण ही सोय म्हणजे तात्पुरती काठी आहे. खरे काम शाळेने करावयाचे आहे, आणि ते करण्यास तिला भाग पाडणे हे पालकांचे काम आहे.

म्हणून आमची प्रत्येक मातापित्यास विनंती आहे. पुढच्या पालकसभेत मागच्या बाकावर बसू नका. उभे राहा, हात जोडा आणि स्पष्ट मराठीत वा कोकणीत म्हणा: "बाई, आमच्या मुलास इंग्रजी उत्तम शिकवा, आणि ते कसे शिकविता, हे आम्हांस आमच्या भाषेत कळवा." पहिल्याने बोलणाऱ्यास थोडा संकोच वाटेल. दुसरा उभा राहील, तिसरा उभा राहील, आणि मग बाईंच्याच ध्यानात येईल की आजवर आपण ज्यांस लिहीत होतो त्यांनी एकही ओळ वाचलेली नव्हती. जत्रेची पत्रिका आजीस तोंडपाठ होते. नातवाच्या धड्यांची चिठ्ठीही तिला तोंडपाठ होईल. ती तिच्या हाती, तिच्या भाषेत पडू द्या.